केतकी, आधी अलार्म

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

काल "आई, पुरे आता" म्हणून तू फोन ठेवलास. बाबा म्हणाले, तुमचं दोघींचं बोलण्यात वाजतं, त्यापेक्षा लिही, सवडीने वाचेल तरी. म्हणून ही मेल. अलार्मचं एकदाच लिहायचं, सुरुवातीलाच, आणि मग बाकीचं, असं मी ठरवलं आहे. तर, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म रात्री टुकटुक करत होता म्हणून तू त्याची बॅटरी काढून ठेवलीस, आणि नवी शनिवारी गावात गेल्यावर आणणार आहेस. आज मंगळवार. शनिवारपर्यंत थांबू नकोस. झालं, लिहून झालं.

भाजणी, मेतकूट आणि डिंकाचे लाडू मिल्टन कीन्सला तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवले आहेत. कुरियरवाल्याला बाबांनी सगळं समजावून सांगितलं, की मुलगी इंग्लंडमध्ये कालव्यावरच्या बोटीवर राहते, ठरलेली जागा नसलेली बोट एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही असा तिकडे १९९५ पासून कायदाच आहे, तेव्हा तिचा पत्ता कसा सांगणार. त्या बिचाऱ्याला फक्त पिनकोड हवा होता. सुमामावशी अजून विचारते, "अगं पण कायमचं कुठे?" मी आता उत्तर देत नाही. बाबांच्या कट्ट्यावर मात्र सगळ्यांना तुझी बोट पाठ झाली आहे. सत्तावन्न फूट लांब, सात फुटांनाही दोन इंच कमी रुंद, वेग जास्तीत जास्त ताशी ४ मैल. चालत जाणारा माणूस पुढे निघून जातो, हे सांगताना त्यांना काय आनंद होतो!

मी सप्टेंबरात तुझ्याकडे आले होते तेव्हाची बकबीची लॉक्स आठवतात, म्हणजे बोटीला वरखाली न्यायच्या त्या दारं असलेल्या पाण्याच्या कोठड्या. सात लॉक्स, सगळी उताराची. कमरेला विंडलास, म्हणजे लॉकचं पाणी सोडायचा तो हँडल, खोचून तू काठावर उडी मारलीस आणि दाराच्या त्या लाकडी दांड्याला पाठ लावून मागे रेटत गेलीस, तेव्हा मला वाटलं हे दार काही हलायचं नाही. हललं. आमच्या शेजारी दुसरी बोट आत घेतलीस, कारण त्या कालव्यावरची लॉक्स चौदा फुटी आहेत आणि दोन बोटी असल्या की प्रत्येकीमागे पाणी निम्मं लागतं. मग आतल्या भिंतीवरची पांढरी रेघ मला दाखवलीस. पाणी उतरताना मागचा भाग त्या रेघेच्या पुढे नसला, तर सुकाणू लॉकच्या उंबऱ्यावर अडकतं, पुढचा भाग खाली जातो आणि बोट बुडते. पाणी उतरेपर्यंत तुझी नजर त्या रेघेवरून हटली नाही. त्या दिवसापासून पाण्याचं मी मनावर घेतलं नाही. इथे जो भेटतो तो मला पाण्याचं विचारतो, पोरीला पोहता येतं ना, रात्री भीती नाही वाटत का. मी म्हणते, कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढा आहे, आणि लॉकवर ती कशी वागते ते मी डोळ्यांनी पाहून आले आहे.

मला भीती शेगडीची आहे.

बघ, पुन्हा तिथेच आले. पण आता सुरुवात झालीच आहे तर नीट सांगते, कारण फोनवर तू मला अर्ध्यात तोडतेस.

तो काळा बिडाचा स्टोव्ह चांगला आहे. संध्याकाळी त्याच्यापुढे बसून मी तुझं स्वेटर उसवून पुन्हा विणलं, मला माहीत आहे त्याची ऊब काय असते. पण तूच सांगितलंस की रात्री कोळसा भरून त्याची हवा अगदी बारीक करून ठेवतेस, म्हणजे सकाळपर्यंत निखारा राहतो. अगं, हवा कमी पडली की कोळसा अर्धवट जळतो, आणि अर्धवट जळला की हाच कार्बन मोनॉक्साइड वायू जास्त सुटतो. त्यात धुराडं थंड पडलं तर तो वर खेचला जात नाही, आत उतरतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट बसतो. आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर तुझ्या मागे, पुढच्या दाराच्या खालच्या जाळीत, मला माझी जांभळी ओढणी कोंबलेली दिसली. गार वारा येतो म्हणून कोंबलीस ना? ती आत्ताच्या आत्ता काढ. त्या जाळ्या आणि छतावरचे पितळी व्हेंट उगाच ठेवलेले नाहीत. थंडी वाजली तर दोन रजया घे, मी आणखी एक पाठवते.

ब्लिसवर्थच्या बोगद्यात आपण शिरलो तेव्हा वरून मधूनमधून धो धो पाणी अंगावर यायचं, आणि मी विचारलं होतं, ही वर भोकं कसली. हवेच्या विहिरी, तू म्हणालीस. तीन हजार शहात्तर यार्डांचा, म्हणजे पावणेतीन किलोमीटरहून थोडा जास्त लांब बोगदा, १८०५ सालचा, आत चालायला काठच नाही. घोडा डोंगरावरून न्यायचे आणि माणसं फळीवर आडवी पडून भिंतीला पाय लावून बोट ढकलत न्यायची. मला ते ऐकूनच पोटऱ्यांत गोळे आले. मग वाफेच्या बोटी आल्या, आणि १८६१ साली त्याच बोगद्यात वाफेच्या बोटीच्या धुराने दोघं गुदमरून गेले, हेही तूच सांगितलंस. म्हणजे तुला सगळं माहीत आहे. माहीत असलेल्या माणसाने बॅटरी काढून ठेवली, याचा मला त्रास होतो.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर स्टोक ब्रुअर्नला तू मला सिस्टर मेरी वॉर्डची गोष्ट सांगितलीस. लॉकच्या काठावरच्या आपल्या घरात ती बोटीवरच्या लोकांना तपासायची, औषधं द्यायची, सुरुवातीला तर स्वतःच्या पदरचे पैसे घालून. एका जागी न थांबणाऱ्या त्या कुटुंबांना दवाखाना कुठला मिळणार? दहा फुटांच्या केबिनमध्ये नवरा, बायको, पोरं, आणि तिथेच चूल. पुढे १९५१ मध्ये तिला पदक मिळालं. त्या घरासमोर मी किती वेळ उभी होते, तुला घाई झाली होती. माझ्या नर्सच्या सगळ्या नोकरीत असं एखादं घर काठावर असावं असं कितीदा वाटलं असेल. कारण माणसं आमच्याकडे पोचायची तीच उशिरा.

हे तुला मी कधी सांगितलं नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षं, जानेवारीतली नाइट ड्यूटी. पहाटे जीपमधून तिघं आणली, बाळंतीण, बाळ आणि सासू. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, खाटेखाली शेगडी. घरचे म्हणत होते रात्रीच्या जेवणातून काहीतरी गेलं, दोघींना ओकाऱ्या होत होत्या. डॉक्टरांनी एकच विचारलं, "शेगडी होती का?" सासू दाराशी झोपली होती, ती शुद्धीवर आली. बाळही तरलं. बाळंतीण नाही. ड्यूटी संपल्यावरही ते बाळ माझ्या मांडीवर होतं, कारण घ्यायला कोणी पुढे होईना.

नंतर तू झालीस, तीही थंडीतच, डिसेंबरात, वाईला. आजीने ओवा, बाळंतशेपा, शेक-शेगडी सगळं मांडून ठेवलेलं. मी खिडकी उघडी ठेवायला लावली. आजी इतकी चिडली की जेवणाचं ताट दारात ठेवून जायची, आत यायची नाही. पण खिडकी तिने लावली नाही. रात्री उठून तुझ्यावर आणखी एक दुपटं घालून जायची, मी जागीच असायचे, दोघी काही बोलायचो नाही. तुला तेव्हा टोपडं अजिबात सहन होत नसे, डोक्यावर ठेवलं की घर डोक्यावर घ्यायचीस. अजूनही थंडीत टोपी घालत नाहीस. सप्टेंबरात त्या पहाटे टिलरशी, सुकाणूच्या दांड्याशी, उभी होतीस, धुकं होतं, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या.

असो. कुठून कुठे गेले.

खरं सांगायचं तर एवढं सगळं मी अलार्मसाठी लिहिलं नसतं. तू जाता जाता म्हणालीस की सकाळी उठल्यावर डोकं जड असतं, कालव्यावर चालून आलं की बरं वाटतं, सर्दी असेल. आणि मी काही म्हणायच्या आत, "ऑक्सिमीटर लावला, अठ्ठ्याण्णव आला, काळजी करू नकोस." केतकी, तो कोविडमध्ये मीच पाठवलेला ऑक्सिमीटर इथे कामाचा नाही. साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त आणि ऑक्सिजनने भरलेलं रक्त यातला फरक कळत नाही, तो छान आकडा दाखवतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. घरात डोकं दुखतं आणि बाहेर गेल्यावर उतरतं, हे ऐकलं की मला त्या जीपचा आवाज येतो. सर्दीच असेल. देव करो आणि सर्दीच असो. पण डॉक्टरकडे जा, आणि "मी बोटीवर राहते, कोळशाचा स्टोव्ह आहे" हे पहिलं वाक्य सांग.

आणि नवा अलार्म येईपर्यंत स्टोव्ह पेटवू नको. हे मी विनवते आहे असं समज, हुकूम समजू नकोस. अलार्म घेताना मागे ५०२९१-२ हा आकडा बघ, तो बोटी आणि कॅराव्हॅनसाठीचा असतो. बॅटरी बदलूनही टुकटुक थांबली नाही तर त्याचं आयुष्य संपलं आहे, अख्खा बदल. स्टोव्हच्या दाराची दोरी झिजली आहे का, धुराडं छताला मिळतं तिथे फट आहे का, ते कोळसा घेऊन येणाऱ्या बोटवाल्याला बघायला सांग, त्याने शंभर स्टोव्ह पाहिले असतील. गरम राखेचं भांडं आत ठेवू नको. शेजारची बोट इंजिन चालू ठेवून उभी असेल तर त्या बाजूची खिडकी लाव. डोकं गरगरलं तर आधी बाहेर, मग ९९९. आणि तुझ्या जागेला पत्ता नसतो, तेव्हा जवळच्या पुलाचा नंबर रोज दाराशी कागदावर लिहून ठेव, अँब्युलन्सला तोच सांगावा लागेल. मलाही रोज संध्याकाळी तो नंबर पाठव. बाबा नकाशावर टाचणी लावतात.

यादी झाली बघ. तुला याद्या आवडत नाहीत, आणि हेड सिस्टरसारखं बोललेलं तर मुळीच नाही. रागावू नकोस. परत ये असं मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. नर्सिंगला निघाले तेव्हा माझ्या वडिलांनी ते म्हटलं होतं आणि मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. युद्धाच्या काळात याच कालव्यावर बायकांनी मालाच्या बोटी चालवल्या, हे तू सांगितलंस तेव्हा मला तुझ्या आवाजात जे ऐकू आलं, ते मला कुणी काढून घेऊ नये असंच वाटतं. तू ती बोट स्वतःच्या पैशाने घेतलीस, स्वतः रंगवलीस, पाइप फुटला तेव्हा स्वतः जोडलास. मी सगळ्यांना सांगते. तुला सांगायचं राहून जातं.

विनूचं ठरलं आहे, तारीख कळली की कळवते. बाबांचा गुडघा बरा आहे.

तुझी,
आई

ता. क. पुढच्या बोटीवरच्या आजोबांकडे एक जादा अलार्म आहे असं तू गेल्या महिन्यात म्हणाली होतीस. आज झोपायच्या आधी तो मागून आण. ते नाही म्हणणार नाहीत, सप्टेंबरात त्यांनी माझ्या हातची थालीपीठं खाल्ली आहेत. छताला लावलास की बटण दाबून वाजवून बघ, आणि कितीही वाजले असले तरी मला फोन कर.