एलईडी फलक वाचून पाहिल्याशिवाय स्वीकारू नयेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील एका बसस्थानकावर नव्या एलईडी फलकावरून 'जिंतूर' हे नाव तीनदा सरकत गेले, तरी मला ते वाचता आले नाही. रोमन अक्षर ५ बाय ७ ठिपक्यांत स्पष्ट उमटते. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी व अनुस्वार आणि खाली उकार येत असल्याने ठिपक्यांच्या ७ ओळींच्या उंचीत ही चिन्हे अक्षरांतच मिसळून जातात. त्यासाठी किमान १६ ओळी तरी हव्यात, असे मला वाटते.

अंतराचाही विचार व्हावा. सहज वाचनासाठी अक्षराचा डोळ्याशी होणारा कोन सुमारे २० मिनिटांचा (एका अंशाच्या एक-तृतीयांश) असावा, असे मानतात. म्हणजे १० मीटरवरून वाचायचे अक्षर जवळपास ६ सेंटिमीटर उंच हवे.

फलकाची तपासणी कार्यालयातील सावलीत न करता, आपल्याकडच्या वैशाखातील भर दुपारी, मोतीबिंदू असलेल्या वृद्धांसह प्रत्यक्ष प्रवाशांकडून गावांची नावे वाचून घेऊन करावी, कितीजण चुकले याची नोंद ठेवावी आणि त्यानंतरच देयक मंजूर करावे. तसेच गावाचे नाव सरकते न ठेवता काही सेकंद स्थिर दाखवावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, मराठवाडा