पंकवाल्यांना म्हणे चित्र काढता येत नव्हतं!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या अंडरग्राउंड कॉमिक्सवरचा, म्हणजे मोठ्या प्रकाशकांना बाजूला ठेवून काढलेल्या कॉमिक्सवरचा, लेख वाचला. चांगला आहे, त्यातला बडा चित्रकार रॉबर्ट क्रम्ब, त्याच्यावर भरभरून लिहिलंय, सॅन फ्रान्सिस्को, हिप्पी, सगळं आलंय. पण नंतरच्या लोकांना एका वाक्यात उडवून लावलंय, काय तर म्हणे पुढे पंकवाले (ते आरडाओरड्याचं रॉक संगीतवाले) आले, त्यांना चित्रकला येत नव्हती म्हणून त्यांनी नुसतं गिरगटून ठेवलं. अहो असं कसं? त्यांच्यातलाच कॉमिक्सवाला चित्रकार गॅरी पँटर, त्याचं नावसुद्धा नाही संपूर्ण लेखात! आम्ही कमर्शियल आर्टची माणसं, हे वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितेय.

पँटरचा जन्म १९५० चा, ओक्लाहोमातला, वाढला टेक्ससमध्ये. वडील स्वस्त किरकोळ मालाचं दुकान सांभाळायचे आणि काउबॉय लोकांची चित्रं रंगवायचे, घर एकदम कडक चर्चवालं. पोरगा रीतसर कॉलेजात पेंटिंग शिकलाय, म्हणजे येत नव्हतं वगैरे प्रकार नाही. मग लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे १९७७ मध्ये स्लॅश नावाचं पंकचं मासिक निघालं, साध्या न्यूजप्रिंटवर, त्यात याच्या कॉमिकचा नायक जिम्बो यायला लागला. बसकं नाक, उभे केस, कमरेला चौकड्यांचा फाटका किल्ट, आणि स्वभावाने तसा भोळा, जे होईल ते बघत फिरणारा. हा जिम्बो एका चौकटीत जाड फराट्यांनी काढलेला, पुढच्या चौकटीत बारीक थरथरत्या रेघेने, तिसरीत भलताच, आणि ते सगळं मुद्दाम बरं का. पिकासो आणि सुपरहिरोवाला जॅक कर्बी, दोघंही त्याचे लाडके, आणि दोघंही त्याच्या पानावर एकमेकांच्या अंगावर पडलेले दिसतात. स्वच्छ गुळगुळीत रेघ काढणं ही निम्म्या वेळा हाताची सवय असते, ती मोडायला जास्त कष्ट लागतात, हे ज्याने आयुष्यभर ब्रश धरलाय त्याला विचारा.

स्क्रीमर्स नावाचा लॉस एंजेलिसचा बँड होता, बँड चालू होता तोवर त्यांची एक धड रेकॉर्ड निघाली नाही, पण पँटरने काढलेलं त्यांचं ते किंचाळणारं डोकं आजही टीशर्टवर दिसतं आणि घालणाऱ्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांचं एक गाणं ऐकलेलं नसतं. फ्रँक झापा या रॉक संगीतकाराचं तर अजून मजेशीर. १९७८-७९ मध्ये वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीशी त्याचं भांडण चाललेलं, कंपनीने त्याचे तीन अल्बम त्याला न विचारता बाजारात आणले, आणि तिन्हीची कव्हरं पँटरची.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. अंडरग्राउंड म्हटलं की आपल्याला वाटतं उपाशी कलाकार, बाजाराच्या नावाने बोटं मोडणारा. पँटरने १९८० मध्ये रॉझ-टॉक्स नावाचा जाहीरनामा छापला, अठरा कलमांचा, त्यात याच्या बरोब्बर उलट आहे. त्याचं म्हणणं असं की भांडवलशाही चांगली असो की वाईट, आपण त्याच पाण्यात आहोत, पोहा नाहीतर बुडा, गॅलरीवाले आणि श्रीमंत आश्रयदाते आपल्याला शोधत येणार नाहीयेत, तेव्हा चांगलं काही बघायचं असेल तर स्वतः बनवा आणि बाजारातच घुसवा. आणि हा नुसता बोलून थांबला नाही. १९८६ मध्ये सीबीएस या अमेरिकन टीव्ही चॅनेलवर शनिवारी सकाळी लहान मुलांसाठी पी-वीज प्लेहाउस सुरू झालं, त्याचा सेट पँटर आणि त्याच्या जोडीदारांनी केलेला. खुर्ची मिठी मारतेय, फ्रीजमधले पदार्थ आपापसात सर्कस करतायत, उंदराच्या बिळात डायनासोरचं कुटुंब राहतंय. पंकच्या मासिकातली सगळी खडबडीत रंगीबेरंगी दंगल कॉर्नफ्लेक्स खाणाऱ्या पोरांसमोर, आणि वर टीव्हीचा एमी पुरस्कार! आता याला कोणी विकला गेला म्हणेल तर म्हणो, मला तर वाटतं की अंडरग्राउंडवाल्यांपैकी एवढ्या सरळसरळ सांगून सवरून घुसलेला दुसरा कोणी नाही.

बाकी कॉमिक्स त्याने सोडली नाहीत कधी. आर्ट स्पीगलमन आणि फ्रांस्वाज मूली यांच्या रॉ या कॉमिक्सच्या नियतकालिकात तो होताच, १९८२ मध्ये त्यांनी जिम्बोचं वेगळं पुस्तक काढलं ते न्यूजप्रिंटवर, आणि कव्हर चक्क खोक्याच्या पुठ्ठ्याचं. जिम्बोच्या एका लांबलचक गोष्टीच्या शेवटी अणुबॉम्ब पडतो, पेटलेला घोडा धावतोय, तिथे ती थरथरती रेघ का हवी होती ते कळतं, गुळगुळीत रेघेत ते पान खोटं वाटलं असतं. मग दाल टोकियो, मंगळावर टेक्ससवाले आणि जपानी मिळून वसाहत करतात, ही स्ट्रिप पुढे जपानमधल्या रेगे संगीताच्या मासिकात वर्षानुवर्षं चालली. आणि मग स्वारी जिम्बोला घेऊन वळली दान्ते या जुन्या इटालियन महाकवीकडे! २००४ मध्ये पर्गेटोरिओ (म्हणजे पापं धुवायची जागा), २००६ मध्ये इन्फर्नो (म्हणजे नरक), आणि त्याचा नरक म्हणजे एक अवाढव्य शॉपिंग मॉल. पर्गेटोरिओवालं पुस्तक मात्र, खरं सांगते, सलग वाचवत नाही, संवादांमध्ये इतकी उसनी वाक्यं कोंबलीत की डोकं धरायला होतं, पण पानं बघत बसावीत अशी, दान्तेच्या एकेका सर्गाला एकेक पान आणि पान केवढं तर मांडीवर मावत नाही.

तर विनंती अशी की लेखकाने पुढच्या भागात पँटरवर लिहावं, निदान अर्धा लेख तरी. आणि चित्र छापणार असाल तर कृपया पोस्टाच्या तिकिटाएवढं करून कोपऱ्यात टाकू नका, मागच्या वेळी क्रम्बचं तसंच केलंत, काही दिसत नव्हतं. एक चौकट घ्या हवं तर, पण चांगली चार कॉलम द्या, आणि रंग चढवू नका, काळ्या शाईतच राहू द्या.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे