काटा कोणता, तेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चप्पल लाइनीतल्या एका दुकानाची वेबसाइट मी सांभाळतो. मागच्या महिन्यात एका एजन्सीने मालकांना मोबाइलवर स्क्रीनशॉट दाखवला: वेगाला शंभरपैकी ४१ गुण. 'काम आम्हाला द्या, नव्वदीपार नेतो.' मालक धास्तावले. मी लाइटहाउस या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साधनाने तीच चाचणी लागोपाठ पाच वेळा घेतली. साइटला हात न लावता गुण ४१ पासून ५८ पर्यंत हलले.

ही चाचणी मुद्दाम साधा मोबाइल आणि संथ फोर-जी धरून चालते. दोष कुठे आहे ते शोधायला ती चांगलीच आहे. पण गिऱ्हाइकाला साइट प्रत्यक्षात कशी उघडते, हे तिला कळत नाही. ते कळते क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या मागील २८ दिवसांच्या नोंदीतून. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेबपानावर चाचणीचे गुण आणि ही नोंद दोन्ही असतात; नोंद सगळ्यात वर दिसते. स्क्रीनशॉटमधून नेमका तेवढाच भाग कापलेला होता, याचा मला राग आहे.

त्या नोंदीत आमचीही चूक दिसली, ती लपवणार नाही. पानावरचा मुख्य मजकूर किंवा फोटो किमान ७५ टक्के भेटींत २.५ सेकंदांत दिसावा, असा निकष आहे; आमचा आकडा ३.४ होता. चपलांचे फोटो कॅमेऱ्यातून काढले तसेच चढवले होते. ते लहान केले. आता २८ दिवसांची नोंद हळूहळूच सरकणार. दुसऱ्या दिवशी 'काहीच फरक नाही' म्हणणे जितके चूक, तितकेच एकदा ९० आले म्हणून पेढे वाटणेही.

सरासरी तर त्याहून फसवी. नऊ जणांना पान एका सेकंदात दिसले आणि गगनबावड्यातल्या एकाला अकरा सेकंद लागले, तर सरासरी येते दोन. दोन सेकंद कुणालाच लागलेले नसतात. ७५ टक्क्यांच्या निकषातही तो एक जण बाहेरच राहतो, म्हणून कमी रेंजच्या गावांतून साइट वेगळी उघडून पाहावी लागते.

उसाच्या वजनावर शंका आली की आपला शेतकरी काटा तपासायला लावतो. आपल्या दैनिकात वेबसाइटच्या वेगाची बातमी किंवा जाहिरात येईल, तेव्हा कोणता फोन, कोणते नेटवर्क, किती वेळा मोजले आणि आकडा चाचणीचा की खऱ्या वापराचा, एवढे चार तपशील सोबत छापावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर