खाच

वाई, 2 जून

प्रिय बंड्या,

तुझं बरोबर होतं. हे तीन शब्द लिहायला मला सहा वर्षं आणि एक टँकर पाणी लागलं. हवं तर इथेच थांबून वहिनींना मोठ्याने वाचून दाखव. मग मात्र पुढचं वाच, कारण सल्ला हवाय आणि तो तुझ्याशिवाय कुणाकडे मागायची सोय नाही.

तब्येती ठीक. माझी साखर काठावर. आईला ऐकू कमी येतं, बोलणं तेवढंच आहे.

तर झालं असं. गेल्या महिन्यात मळ्यातल्या घरी एका जाहिरातीचं शूटिंग होतं. कसली जाहिरात? हसायचं नाही. छत गळू नये म्हणून लावतात त्या रंगाची. साठेक माणसं, दोन व्हॅनिटी, जनरेटरची गाडी, आणि मे महिन्यात पाऊस हवा म्हणून टँकर. गच्चीवर पाइपांची चौकट बांधून तिला शॉवरसारखी तोंडं लावली. बाहेर मुसळधार, आत काचेमागे एक ठणठणीत कोरडं कुटुंब कॅरम खेळतंय, असा सीन. आजोबा म्हणून आणलेला माणूस माझ्याच खुर्चीत माझ्यापेक्षा शोभत होता, हे ही म्हणाली. मी नाही.

तिसऱ्या टेकला साउंडवाल्या पोराने हेडफोन काढला. "सर, टप टप येतंय."

मी व्हरांड्यात जाऊन वर पाहिलं. तो बाहेर काढलेला स्लॅब, ज्याला तू टाकीचं झाकण म्हणायचास, त्याच्या कडेवर थेंब यायचा, जरा थबकायचा, आणि खाली पडायचं सोडून स्लॅबच्या पोटाला चिकटून उलटा आत चालायला लागायचा. एकामागे एक, मुंग्यांसारखे. थेट काचेच्या वरच्या भिंतीपर्यंत आणि तिथून हॉलमध्ये. बंड्या, मला 2018 ची वास्तुशांत दिसली. हातात जिलबीची ताटली, मान वर, आणि तू विचारतोयस, "कडेखाली खाच कुठाय रे? बोटभर खाच नसली तर पाणी माघारी फिरतं." आणि मी चारचौघांत म्हणालो, "बांधकाम खात्यातून रिटायर झालास ना? मग जेव की गप."

तू जेवलास. गप जेवलास, ते जास्त लागलं.

आर्किटेक्टला मी तेव्हाच विचारलं होतं, तुला सांगितलं नाही एवढंच. तो म्हणाला, खाचेने कडेची रेघ तुटते. मग मला त्याने पॅरिसजवळच्या व्हिला सावॉयचे फोटो दाखवले. 1931 चं घर, चंदीगड आखणाऱ्या ल कार्बुझिएचं, पांढरंशुभ्र, हिरवळीवर खांबांवर उभं. मी भाळलो. पुढची गोष्ट परवा धाकटीने वाचून दाखवली. त्या घराच्या मालकीणबाई 1936 साली त्याला पत्र लिहून कळवत होत्या की हॉलमध्ये पाऊस पडतोय, रॅम्पवर पडतोय, बाथरूममध्येही पडतोय. आज ते जागतिक वारसा आहे, जगभरची माणसं फोटो काढायला जातात. सावॉयबाईंना तिथे राहायचं होतं, हीच काय ती अडचण.

आणि हो, दर पावसाळ्यात त्या भिंतीला ओल यायची. मी सगळ्यांना सांगायचो, पश्चिमेची झड आहे. सहा वर्षं झडीवर ढकललं. टँकरच्या पावसाला वारा नव्हता, म्हणून माझी बोबडी वळली.

आता खरा घोळ ऐक. हिचं म्हणणं, मृग लागायच्या आत पश्चिमेला पत्र्याची शेड टाका आणि तिच्याखाली वाळत घालायची दोरी बांधा. रास्त आहे. पण लोकेशनचं काम बघणारा पोरगा म्हणतो, "काका, पत्रा लागला की घर मेलं." मुंबईला त्याच्याकडे आपल्या घराचे फोटो आहेत, त्यावरून लोक बुक करतात. घर फोटोसारखं दिसलं पाहिजे. दिवाळीनंतर एका वेब सिरीजला अठरा दिवस दिलंय, करारात लिहिलंय की दर्शनी भागात बदल करायचा नाही. त्या अठरा दिवसांत कर्जाचे वर्षभराचे हप्ते निघतात. हळदीने कधी काढले होते, सांग.

म्हणून आम्ही फोटोत राहतो. बाहेर दोरी नाही, दाराला पाटी नाही, डासांची जाळी नाही. आईला भिंतीवर दादांचा फोटो हवा होता, तर काँक्रीटला खिळा नको म्हणून दादा कपाटावर टेकून उभे आहेत. रविवारी प्री-वेडिंगवाली पोरं येतात. लांब कमळगडामागे सूर्य गेला की नवरी पायऱ्यांवर झगा पसरते आणि आम्ही तिघं पंपाच्या खोलीत चहा पितो, काचेत दिसू नये म्हणून.

तुला आठवतं, मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग चालू असताना आपण तुझ्या एम-एटीवरून गेलो होतो? तू चिडला होतास, की घाट नाना फडणविसांचा आणि गाव दाखवणार उत्तर प्रदेशातलं. वाईला वाई म्हणून कोण घेतो? तिने बिहार केला, तमिळनाडू केला. आमचं घर का घेतात, विचारलं तर तो पोरगा म्हणाला, "काका, हे कुठलंही वाटतं." एकदा कुर्ग झालं, एकदा परदेश. तो हे कौतुकाने म्हणाला. मी रात्री दोनला उठून बसलो.

जुनं घर पाडलं त्यावरून आता पुन्हा भांडू नकोस. तेही गळायचं, सात ठिकाणी. तू माळ्यावर झोपायचास, तुला काय कळणार.

तर नेमका प्रश्न. आता कटर मारून कडेखाली खाच पाडली, तर ती सळईपर्यंत जाईल का? सळईवर काँक्रीटचं कव्हर किती असेल देव जाणे. की अॅल्युमिनियमचा अँगल सिलिकॉनने चिकटवू? तो खालून दिसेल का? दिसला तर किती? हिला अजून काही बोललो नाही, पत्रेवाल्याला सोमवारी बोलावलंय.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे मला न्हाव्याच्या दुकानात कळावं! जिना चढतोस का? मुलीचं पक्कं झालं, अभिनंदन, मुलगा बघितला, केस कमी आहेत पण चेहरा सालस आहे. इंदूरहून इकडे गाडीने ये, रात्रीचा प्रवास बसने नको.

ये, बंड्या. टेप घेऊन ये. जिलबी देतो.

तुझा,
अण्णा

ता. क. टप टप कुणाला थांबेना तेव्हा आई उठली, माळ्यावरून काढून ठेवलेलं तांब्याचं घंगाळ आणलं, गळतीखाली ठेवलं आणि आत जुन्या लुगड्याची घडी टाकली, आपण झोपावं म्हणून टाकायची तशी. आवाज बंद. दिग्दर्शकाला घंगाळ आवडलं, त्यांनी लुगड्यावर झेंडू पसरले. जाहिरात लागली की बघ, कॅरमच्या मागे डावीकडे आहे.