पाटीवरचं नाव आणि कच्चे चणे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पत्रांच्या पानावर फ्लेक्सबाजीबद्दल दर महिन्याला कुणी ना कुणी चिडून लिहितं. नाक्यावरचे वाढदिवसाचे दादा, भाऊ, त्यांच्यामागे हात जोडलेले पंधरा चेहरे. मी ती पत्रं आवडीने वाचते आणि मान डोलावते. गेल्या वर्षी मात्र माझ्याच घरचा फ्लेक्स लागला, फरक एवढाच की तो कापडाचा नव्हता, दगडाचा होता. त्याबद्दल लिहायचं आहे.

मी ६६ वर्षांची. धोबीतलावला एका खासगी कंपनीत ३१ वर्षं डिस्पॅचला होते, आता निवृत्त. अंधेरीच्या बाजूच्या एका गावठाणात राहते. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच, मराठी बोलणारे कॅथलिक. राहता पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव पूर्वेचं कसं, असं ऑफिसात नवीन माणूस हमखास विचारायचा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ५० वर्षं झाली तेव्हा, १८८७ साली, आमच्या वाडवडिलांनी हे नाव स्वतःच लावून घेतलं. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या कॅथलिकांपेक्षा आपण वेगळे, ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या जुन्या चाकरीतले, हे साहेबाच्या डोळ्यांत भरावं म्हणून. तेव्हा पाटीचा सोस आमच्यात आजचा नाही.

आमच्या गावठाणाच्या तोंडाशी एक क्रूस आहे, आमच्या बोलीत खुरीस. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईतल्या गावठाणांत असे कितीतरी खुरीस उभे राहिले, देवाला साकडं म्हणून. आमच्या खुरसाच्या पायथ्याला १८९७ एवढंच खोदलेलं आहे. कुणी बांधला, कुणी पैसे दिले, काही नाही. माझी आजेसासू सांगायची की माणसं घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहिली होती आणि संध्याकाळी तेर्स म्हणायला तेवढी खुरसापाशी यायची. (तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना.) समोरच्या चाळीतल्या वहिनी दर मंगळवारी तिथे झेंडूचा हार घालतात, उदबत्ती लावतात. त्यांच्या सासूबाईही लावायच्या. का, असं आम्ही त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

२०२५ च्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधी, खुरसाची दुरुस्ती निघाली. चुन्याचा चौथरा भेगाळला होता, एका बाजूने रिक्षांनी खाल्ला होता. वर्गणी झाली. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यांच्या नावाने मी २५ हजार दिले. चौथऱ्याला संगमरवर बसला आणि त्यावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी. देणगीदारांची १४ नावं, रकमेच्या उतरत्या क्रमाने. आमचं नववं. त्यात आडनावातलं एक अक्षर खाल्लेलं.

आता मधली गोष्ट. पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला गेले, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी. २६ तारखेला त्यांचं दफन झालं तेव्हा मी टीव्हीसमोरून उठले नाही. थडगं जमिनीत असावं, साधं असावं, नक्षीकाम नको आणि वर फक्त ‘फ्रान्सिस्कुस’ एवढं लिहावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. पदवी नाही, तारीख नाही. मी डोळे पुसले, नणंदेला फोन केला, म्हटलं बघ, जगभर ज्याचं नाव त्याला एक शब्द पुरला. आणि त्यानंतर आठवडाही झाला नसेल, पाटी बसली त्या संध्याकाळी, मी कमिटीच्या सेक्रेटरीला सगळ्या गावासमोर विचारलं, “तुम्हाला शाळेत पास कुणी केलं?”

तो बिचारा काहीच बोलला नाही. मी घरी आले आणि मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरंच फार बरं वाटलं.

मे हा आमचा मरियेचा महिना. रोज संध्याकाळी खुरसापाशी तेर्स, मग लदीन, म्हणजे मरियेची बिरुदं गाऊन केलेली प्रार्थना, आणि शेवटी उकडलेले चणे. चणे माझ्याकडे. अठरा वर्षं. रात्री भिजत घालायचे, सकाळी पाणी बदलायचं, दुपारी मोठ्या टोपात शिजवायचे, वरून खोबऱ्याचे काप. त्या वर्षी मी निरोप पाठवला की गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खोटं नव्हे, पण त्याच गुडघ्यांनी मी रोज मासळीबाजारात जात होते.

पहिले तीन दिवस खिडकी लावून बसले. तरी ऐकू यायचंच. मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, मराठीत येऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली, पण आमच्याकडे लदीन अजून लॅटिनमध्ये गातात. म्हाताऱ्या बायका ‘ओरा प्रो नोबिस’ एवढं लांबवतात की पुढचं बिरुद त्यातच बुडून जातं. मरियेला एकामागून एक नावं घेऊन हाका मारायच्या आणि प्रत्येक हाकेला तेच उत्तर, आमच्यासाठी विनंती कर. हाक मारणाऱ्याचं नाव त्यात कुठेच येत नाही. हे मला तेव्हा सुचलं असं म्हणणार नाही. तेव्हा मी इतकंच ऐकत होते की माझ्याशिवाय आवाज कमी पडतोय का. पडत नव्हता.

चौथ्या दिवशी खालच्या घरातला मुलगा स्टीलचा डबा घेऊन दारात. “आंटी, तुमचे चणे. तुम्ही येत नाही ना, म्हणून आम्हीच उकडले. पण ते कडक राहतात. सोडा किती घालायचा?” मी एक चणा तोंडात टाकला, तो दाढेखाली गोटीसारखा सरकला. विचारलं, लोक काय म्हणाले? म्हणाला, “काही नाही, सगळे संपले.”

एवढा अपमान मला त्या पाटीनेही वाटला नव्हता.

संपादक महाशय, आमच्यात नम्रतेवर प्रवचनं पुष्कळ होतात. व्यासपीठावरून, माइकवरून. लूकच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की लग्नाला गेलात तर शेवटच्या जागी जाऊन बसा, म्हणजे यजमान येऊन वर बोलावील. माझ्या नणंदेने हे इतकं मनावर घेतलंय की कुठल्याही लग्नात ती थेट शेवटच्या खुर्चीत. मग नवरीची आई, मावशी, बॅन्डवाल्यासकट सगळे तिला पुढे न्यायला. ती हात सोडवते, नको नको म्हणते, आणि अखेर पुढच्या रांगेत येते. मी तिला हसते. पण ती निदान शेवटच्या खुर्चीपर्यंत जाते तरी. मी पत्रिकेवर आमच्या घराचं नाव कितवं आहे ते आधी बघते.

पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीचं तसंच. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण. पोप फ्रान्सिसनी २०१३ मध्ये रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुसलमान होते. मग २०१६ मध्ये नियमच बदलला, बायकांचे पाय धुवायला परवानगी आली. पुढे एका वर्षी आमच्या देवळातल्या बारा जणांत माझा नंबर लागला. मी आदल्या रात्री टाचा दगडाने घासल्या, नखं कापली, निघताना पावडर लावली. फादरांनी पाणी ओतलं ते माझ्या पायांवरून जसं आलं तसं स्वच्छ परातीत पडलं. शेजारी एक वॉचमन होते, रात्रपाळी करून आलेले, त्यांनी बूट काढायला उशीर लावला. आधी नकोच म्हणत होते, येशूचा शिष्य पेत्रही नको म्हणाला होता तसे. त्यांच्या पायांखालचं पाणी मात्र गढूळ झालं.

आणि राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. त्या दिवशीचं वाचन मत्तयच्या शुभवर्तमानातलं. दान केलंत तर उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका, उपास धरलात तर तोंड धुवा, लोकांना दिसू देऊ नका. हे ऐकायचं आणि कपाळाला राख लावून लोकलमध्ये चढायचं! आमच्या सेक्शनमधली एक मुलगी दरवर्षी रुमाल पुढे करायची, “मॅडम, काहीतरी लागलंय.” सुरुवातीला मी तिला सगळं समजावून सांगायचे, तू माती आहेस आणि मातीला मिळशील वगैरे. ऐकवण्यात थोडा तोराही असायचा. शेवटच्या काही वर्षांत नुसतं म्हणायचे, असू दे गं. हा फरक कसा पडला ठाऊक नाही. वय झालं असेल.

तर चणे. त्या मुलाला पाव चमचा सोडा सांगितला आणि शनिवारी कुमसाराला, म्हणजे पापनिवेदनाला गेले. तिथे काय बोलले ते माझं मला, पण प्रायश्चित्त सांगायला हरकत नाही. मला वाटलं होतं दहा ‘नमो मरिया’ मिळतील, बाकावर बसून दहा मिनिटांत उरकेन. फादर म्हणाले, प्रार्थना नको, त्या गृहस्थाच्या घरी जा. दर रविवारी मिस्सेत मी छातीवर तीनदा हात मारून माझा अपराध, माझा अपराध म्हणते. हे प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस इतकी माझी लायकी नाही, असंही म्हणते. हे वाक्य मुळात एका रोमन अधिकाऱ्याचं, हाताखाली शंभर शिपाई असलेल्याचं, आपल्या आजारी चाकरासाठी बोललेलं. ते मी पाच वर्षांची असल्यापासून म्हणत आले असेन, आणि चार घरं पलीकडे जायला मला पाच दिवस लागले.

गेले तेव्हा सेक्रेटरी टीव्हीवर क्रिकेटची मॅच बघत होता. बायकोने सरबत आणलं. मी उभ्यानेच सगळं बोलून टाकलं, पाठ केलं होतं. तो टीव्हीचा आवाज कमी करून माझ्याकडे बघत राहिला. “कसली माफी, बाय? शाळेचं ना? अहो, मी खरंच दोनदा नापास झालोय.” आणि हसला. त्याला तो प्रसंग लागलाच नव्हता. दोन आठवडे मी जे उरावर घेऊन हिंडत होते ते त्याने तिथल्या तिथे सोडून दिलं होतं. मला माफी मिळाली का नाही हेही कळेना. सरबत प्यायले आणि दोन ओव्हर बघून आले.

एक गोष्ट अजून. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर एक पुतळा आहे. ३१ वर्षं मी त्याच्यासमोरून गेले. निवृत्त झाल्यावर कुठेतरी वाचलं की ते डॉ. अकासियो व्हिएगस, ज्यांनी १८९६ मध्ये मांडवीत तो प्लेग पहिल्यांदा ओळखला आणि आजारी माणसांच्या घरोघरी गेले. म्हणजे ज्या साथीमुळे आमचा खुरीस उभा राहिला, ती ओळखणारा माणूस मला रोज भेटत होता, नावासकट, आणि मी बस पकडायच्या घाईत. नाव दगडात कोरलं की लोकांच्या लक्षात राहतं, हा भ्रम माझ्यापुरता तरी गेला.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे, आणि ते आमच्या देवळांच्या कमिट्यांना आहे. सार्वजनिक मंडळांना पटलं तर त्यांनीही घ्यावं. देणगीदारांची नावं वहीत लिहा. वही देवळात ठेवा, हिशेब ज्याला बघायचा त्याला दाखवा. खुरसावर वर्ष लिहा, जसं १८९७ मध्ये लिहिलं. रकमेच्या क्रमाने नावं लावायची पद्धत तर आजच बंद करा. नवव्या नंबरच्या बाईला आठव्याचा किती राग येतो हे मी स्वतः सांगते आहे.

आमची पाटी काढा असं मी कमिटीला लेखी दिलं. उत्तर आलं की काढायला गेलं तर खालचा संगमरवर फुटेल, तेव्हा आहे तशी राहू दे. निदान आमचं एक नाव घासून टाका म्हटलं, तर म्हणाले बाकीचे तेरा विचारतील. ती आहे तशीच आहे, अक्षर खाल्लेलीच. वहिनींचा मंगळवारचा हार लांब असला की सातव्या नावापासून खाली झाकतो, लहान असला की सगळी दिसतात.

पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. यात नम्रता किती आणि नणंदेची भीती किती, ते मला विचारू नका.

या मे महिन्यातही चणे मुलंच करणार आहेत. मी फक्त आदल्या रात्री फोन करून भिजत घातलेत का ते विचारते. परवा सरावाला म्हणून एक किलो केले, थोडे जास्तच शिजले.

आपली,
एक वाचक, अंधेरी (पूर्व)