मागच्या बाकावरून न उठलेल्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न.

तुमच्या वर्गात पहिला सराव पाठ घेतलेल्या आम्हा सगळ्या छात्राध्यापकांकडून, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांकडून, हे आभाराचं पत्र. मुद्दाम उघड लिहितोय, म्हणजे पुढच्या तुकडीलाही तुमच्या सूचना मिळतील.

टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, तुम्ही मिनिटांच्या हिशेबाने तपासलंत. तासिका ४० मिनिटांची, तर टाचण ३० चं. वह्या काढणं, फळा पुसणं, कागद वाटणं यात बाकीची मिनिटं जातात, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. वेळ कमी पडला तर काय गाळायचं, तेही आधीच खूण करून ठेवायचं. गाळायचं ते मधलं एखादं उदाहरण. शेवटचं, मुलांनी एकट्याने सोडवायचं गणित कधीच नाही. नवखे नेमकं तेच गाळतात आणि मग वर्गाला किती कळलं याचा पत्ताच लागत नाही.

हातात कागद पडला की मुलांचं लक्ष त्यातच. म्हणून आधी सूचना, मग ती एका मुलाकडून वदवून घ्यायची आणि नंतर वाटप. प्रश्न विचारतानाही आधी प्रश्न, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटले! दोन्हींच्या मध्ये मनात ३ सेकंद मोजायचे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं: शिक्षक साधारण १ सेकंदच थांबतात, ३ सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं मोठी होतात आणि गप्प राहणं कमी होतं. फळ्यापाशी उभं असताना ते ३ सेकंद संपता संपत नाहीत, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत.

‘समजलं का?’ हा प्रश्न मात्र तुम्ही टाचणातून सरळ खोडलात. त्याला एका सुरात ‘हो’ येतं, त्यापलीकडे काही नाही. त्याऐवजी १/२ + १/३ वहीत सोडवायला द्यायचं आणि रांगांमधून फिरायचं. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ लिहिणारे हमखास भेटतात. ते उत्तर पुसायचं नाही, फळ्यावर घ्यायचं आणि विचारायचं, ‘अर्ध्यात भर घातली, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं?’ मुलं स्वतःच अडखळतात. ३/६ + २/६ ची गरज त्यांना तेव्हा पटते. आधी नियम सांगितला तर ती फक्त उतरवून घेतात.

सगळ्यात मोठे आभार तुमच्या गप्प बसण्याचे. गोंगाट वाढला तरी तुम्ही मागून ओरडला नाहीत. मार्गदर्शक मध्ये बोलले की वर्ग पुन्हा त्यांचा होतो आणि उरलेल्या तासिकेत छात्राध्यापकाचं कोणी ऐकत नाही. गोंगाटावरचा उपायही तुमचाच: आवाज चढवायचा नाही, वाक्य अर्धवट तोडून बडबडणाऱ्या बाकापाशी जाऊन उभं राहायचं.

तुमच्या निरीक्षणाच्या कागदावर ‘छान’, ‘सुधारणा हवी’ असे शेरे नव्हते. डावीकडे वेळ, उजवीकडे जे घडलं ते: ‘१२ वं मिनिट, फळ्याकडे तोंड करून बोलणं. खिडकीकडची रांग वळली.’ अशा नोंदीवर वाद घालता येत नाही आणि वाईटही वाटत नाही. चर्चेत आधी आमचं म्हणणं, मग तुमचे फक्त दोन मुद्दे. पुढच्या पाठात तेवढेच बदलायचे.

तुमच्या निरीक्षणाच्या कागदासारखाच दोन रकान्यांचा कोरा तक्ता आम्ही आता एकमेकांच्या पाठांना वापरतो.

आपले,
सराव पाठाचे छात्राध्यापक