फोटो रंगवू नका, पाय कापू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत वाचकांकडचे जुने घरगुती फोटो छापायला लागलात, हे फार बरं केलंत. आमच्याकडे ते पान आधी कोणी घ्यायचं यावरून सकाळी सकाळी कुरबुर होते. पण माझ्या दोन तक्रारी आहेत. जागा वाचवायला तुम्ही फोटोतली माणसं कमरेपासून खाली छाटून टाकता, ही एक. आणि हल्ली येणारे बरेचसे फोटो मोबाइलवरच्या अ‍ॅपने रंगवलेले असतात, ते तुम्ही तसेच छापता, ही दुसरी.

मी नौपाड्यात बरीच वर्षं शिवणाचा क्लास चालवला. त्यामुळे जुना फोटो हातात आला की चेहऱ्याच्या आधी माझी नजर खांद्याच्या शिवणीवर जाते. घरचे हसतात. हसू देत. पण घरातल्या माणसांबद्दल कोणी तोंडाने कधी सांगितलं नाही, असं पुष्कळ काही मला या शिवणींनी सांगितलं आहे.

आमच्या आजेसासऱ्यांचा एक फोटो आहे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि कुठेही न जाणारा जिना. शेजारी तिपाई, तिच्यावर एक हात. अंगात कोट, खाली धोतर, डोक्यावर काळी टोपी. हा कोट विलायती होता, अशी घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगण्याची पद्धत. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही सांगितलं गेलं. मी फोटो नीट पाहिला आणि गप्प बसले, कारण नवी सून होते. खांद्याची शिवण पार दंडावर उतरलेली आहे आणि बाही अंगठ्याच्या मुळापर्यंत आली आहे. कोट त्यांचा नव्हताच. त्या काळी स्टुडिओत खुंटीला कोट टांगलेले असत. गिऱ्हाइकाने चढवायचा, फोटो काढून घ्यायचा, परत टांगायचा. धोतर मात्र त्यांचं स्वतःचं. निऱ्या अशा चापूनचोपून बसवल्या आहेत की नेसणाऱ्याचा स्वभाव कळतो. आणि पायात पुणेरी जोडा, एका बाजूने पार झिजलेला. हा माणूस मैलोन्‌मैल चालत असणार. तुमच्या पानावर हा फोटो आला असता तर कोट राहिला असता आणि जोडा गेला असता, म्हणजे जे उसनं ते राहिलं असतं आणि खरं ते कापलं गेलं असतं.

दुसरा फोटो सासूबाईंच्या लग्नातला, 1945 चा. वाड्याच्या अंगणात जाजम घालून पन्नासेक माणसं बसवली आहेत. खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या सगळ्या नऊवारीत, पुढे गाठ मारलेल्या चोळ्या, दोन्ही खांद्यांवरून पदर. मागे उभ्या राहिलेल्या तरुण पोरी बहुतेक गोल पातळात, म्हणजे पाचवारी साडीत, अंगात लेस लावलेले झंपर, म्हणजे ब्लाउज, बाहीला फुगे. एका अंगणात दोन जमाने, आणि मधोमध बसलेल्या जावांच्या चेहऱ्यावर ‘आपण कुठल्या’ हा प्रश्न. त्यातली एक नऊवारी नेसली आहे, पण पोलकं नव्या कापाचं. ती पुढे कोणत्या बाजूला गेली ते पुढच्या फोटोंत दिसतं.

तेव्हा कापडावर कंट्रोल होता. सुती कापड आणि सूत यांच्यावर सरकारने 1943 साली नियंत्रण आणलं, आणि लग्नघरांची फार ओढाताण झाली. सासूबाई सांगायच्या की नऊ वार चांगलं कापड मिळवायचं म्हणजे कोणाच्या तरी ओळखी काढाव्या लागत. त्याचा पुरावा फोटोत आहे. या लग्नात थोरल्या जावेच्या अंगावर जे लुगडं आहे, तेच पुढच्या एका मुंजीच्या फोटोत धाकटीच्या अंगावर आहे. काठाजवळ रफू केलेला एक तुकडा आहे, तो दोन्ही फोटोंत सापडतो. भिंग लावून पाहिलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की गॅसवरचं दूध उतू गेलं.

आता रंगांचं. आमचा पुतण्या ऐरोलीला असतो. मुलगा हुशार आणि हौशी. त्याने घरातले सगळे कृष्णधवल फोटो अ‍ॅपमधून काढले आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. त्यात माझ्या नणंदेचा पहिल्या संक्रांतीचा फोटो होता. काळी चंद्रकळा आणि वर हलव्याचे दागिने, म्हणजे बिनरंगी फोटोत याहून उठून दिसणारा पोशाख नाही. अ‍ॅपने चंद्रकळा निळी केली आणि हलव्याला मोती समजून त्यावर गुलाबीसर चमक दिली. घरी रात्री जागून, कढईपुढे बसून, एकेक खसखशीच्या दाण्यावर पाक चढवून काटे फुलवलेला हलवा तो. आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी फोनच जप्त केला असता.

इथवर मी हसत होते. पण त्याच ग्रुपवर सासूबाईंच्या आत्याचा फोटो आला. खरं तर तो आत्याचा फोटो नाहीच, कोणाच्या तरी मुंजीचा आहे. ती एका कडेला, दाराच्या चौकटीला टेकून अर्धी आत, अर्धी बाहेर आहे. केशवपन केलेलं, डोक्यावरून पदर, अंगावर गडद लुगडं, काठ नाही, अंगात चोळी नाही. अ‍ॅपने ते लुगडं फिकट निळं केलं, पदराच्या कडेला सोनेरी काठ काढला आणि ओठ गुलाबी केले. ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला. ‘किती गोड आजी!’ नातीने तो फोटो डीपीला लावला.

ते लुगडं आलवण होतं. लाल. विधवा बाईला केशवपन करून तेच नेसावं लागे, आणि ही बाई कळायच्या वयाआधी विधवा झाली होती. हे मला सासूबाईंनी सांगितलं म्हणून माहीत. फोटोत ते काळं दिसतं याला कारण आहे. फोटो ज्यांवर उमटायचा त्या जुन्या बऱ्याच काचा आणि फिल्म यांना लाल रंग जाणवतच नसे, म्हणून तर फोटोवाल्याला डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता येई. लाल ते काळं उमटायचं आणि निळं फिकट पडायचं. आजीपणजीच्या कपाळावरचं कुंकू जुन्या फोटोत काळा ठिपका दिसतं ते त्यामुळेच. फोटोवाल्याचा नाइलाज होता. पण आज आपण तो काळा डाग पाहून ‘काहीतरी छान’ अंदाज करतो आणि आत्याच्या अंगावरचं आलवण उतरवून तिला सोनेरी काठ देतो. जिवंत असताना तिला कोणी दिला नाही, तो आता मशीनने दिला. मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. नातीचा फोन आला, तिने तासभर विचारलं, आणि मूळ फोटो लावला. पुतण्या म्हणाला, ‘काकू, अ‍ॅपला काय माहीत?’ अरे, अ‍ॅपला माहीत नाही हे मलाही कळतं. तुला माहीत नाही याचं वाईट वाटतं.

एवढं गंभीर झाल्यावर साठ-सत्तरच्या दशकातल्या फोटोंनी जीव जरा हलका होतो. अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा बडोद्याला बनायचा, आणि तो आमच्या थोरल्या दिरांनी घेतला. रोळात बाराच फोटो. त्यामुळे फोटो काढायचा म्हटलं की सगळं घर इस्त्री करून उभं. टेरिलिनचे शर्ट आले, टेरिकॉटच्या पँटी आल्या. या कपड्यांना लागणारा टेरीनचा कृत्रिम धागा तर आमच्या ठाण्यातच तयार व्हायला लागला, आणि रेमंडची लोकरीची गिरणी गावात 1925 पासून होतीच. म्हणजे कापडाच्या बाबतीत ठाणेकराला कोणी शिकवायला नको. टेरिलिनच्या शर्टातून आतलं बनियन आरपार दिसतं, खिशातल्या पेनची शाई सांडलेली दिसते, पण चुणी म्हणून एक नाही. त्याचंच तर कौतुक होतं. बायकांच्या नायलॉनच्या साड्या, घट्ट बिनबाह्यांचे ब्लाउज, अंबाड्यात गंगावन कोंबून केलेला डोंगर. माझ्या धाकट्या नणंदेने साधना कट, म्हणजे नटी साधनासारख्या कपाळावर कापलेल्या बटा, करून घेतला, तेव्हा सासऱ्यांनी महिनाभर तिच्याकडे पाहून बोलणं सोडलं होतं. फोटोत ती बटा कपाळावर घेऊन हसते आहे आणि सासरे मुद्दाम दुसरीकडे बघताहेत.

तलावपाळीवरचा एक फोटो आहे, माझ्या यजमानांचा आणि त्यांच्या मित्रांचा. मागे मासुंदा तलाव, आणि गडकरी रंगायतन या नाट्यगृहाचा पत्ता नाही. रंगायतन 1978 चं, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा. तारीख नसली तरी बेलबॉटमवरूनही तेच कळतं. घेर असा की दोन पायांत मिळून एक परकर निघाला असता. खालच्या कडेला पितळी चेन शिवलेली आहे, रस्त्यावर घासून कापड फाटू नये म्हणून. अशा चेनी मी किती जणांना लावून दिल्या! पितळेवरून सुई घसरून मोडायची, आणि सुईचे पैसे कोणी द्यायचं नाही. हाही पाय कापले तर न दिसणारा भाग.

आणि दिवाळीचे फोटो. एकाच ताग्यातून तिन्ही भावंडांचे कपडे, उरलेल्याचे उशांचे अभ्रे, आणि तेही त्याच फोटोत मागच्या खाटेवर. मुलीच्या फ्रॉकच्या घेराला खाली आडवी गडद पट्टी दिसते ना, ती नक्षी नव्हे. दरवर्षी दुमड उसवून फ्रॉक लांब करत, तेव्हा आतलं न विटलेलं कापड बाहेर यायचं. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, भरपूर सोडलेली. तशा दोन पट्ट्या दिसल्या तर फ्रॉक तिसऱ्या वर्षाचा. मुलीचं वय काढायलाही हे उपयोगी पडतं.

ऐंशीच्या दशकातल्या रंगीत फोटोंबद्दल मी फार बोलणार नाही. सफारी सूट मला तेव्हाही आवडले नाहीत. त्यांचे रंगही आता खरे राहिलेले नाहीत. निळसर छटा उडून जाते आणि सगळी वऱ्हाडं गुलाबी-तांबडी होतात. त्यात चिकट पानांचे अल्बम आले आणि होतं नव्हतं ते चिकटून बसलं. आमच्या ठाण्याच्या पावसाळ्यात तर विचारू नका.

वाचकांना एकच सांगणं आहे. नौपाड्यातल्या जुन्या इमारती एकामागोमाग पाडायला निघाल्या आहेत, आणि घर रिकामं करताना अल्बम रद्दीत जाताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत. तुमच्या घरात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल तर आजच फोटो घेऊन त्यांच्यापुढे बसा, आणि नुसतं ‘हे कोण’ विचारू नका. ‘ही साडी कुठल्या रंगाची होती, कोणी घेतली, नंतर तिचं काय झालं’ हे विचारा. नाव विसरलेली माणसं साडीचा रंग विसरत नाहीत. उत्तर मिळालं की फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. आणि अ‍ॅपने रंगवायची हौसच असेल तर रंगवा, पण मूळ फोटो टाकू नका आणि रंगवलेल्याखाली ‘रंग अंदाजे’ एवढं तरी छापा, संपादकसाहेब.

सोबत एक फोटो पाठवते आहे. माझ्या चुलत सासूबाईंचा, साधारण 1950 चा. त्यांच्या झंपराच्या बाहीत फुगा खांद्याला नाही, कोपराच्या वर आहे, आणि तिथे बारीक चुण्या अरुंद पट्टीत घेतल्या आहेत. वरचा भाग दंडाला चापून बसलेला, पण जोड कुठेच दिसत नाही, म्हणजे बाही एका तुकड्यात कापलेली असणार. मी वर्तमानपत्राचे कागद कापून करून पाहिलं, पण खाली घेर धरला की वर झोळ येतो आणि वर चापून घेतलं की चुण्यांना कापड पुरत नाही. दादर, गिरगाव किंवा ठाण्यातल्या कोणा जुन्या शिंप्याला वा शिवणबाईंना हे कटिंग ठाऊक असेल तर कृपया आपल्यामार्फत कळवावं. कागदी नमुना पाठवलात तर फारच उत्तम. टपालखर्च मी देईन.

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)